सतराच्या आत पास

बंद पडलेल्या ढाब्यामागे एवढी माणसं कशाला, म्हणून महामार्गावरचे ट्रकवाले गाडी हळू करत. ढाबा चालू होता तेव्हा इथल्या दहा खाटाही कधी एका वेळी भरल्या नव्हत्या. आता चूल थंड होती, आणि दर गुरुवारी सकाळी सातपासून तीन-चारशे माणसं अनशापोटी रांगेत उभी राहत होती. उपाशी लोकांनी भरलेला ढाबा सडक अर्जुनीने पहिल्यांदाच पाहिला.

बिंदूनाथ महाराज साखर उतरवत होते. दुकानातली नव्हे, ती चढतीच होती. रक्तातली.

पुष्पांजली रांगेत वडिलांच्या कोपराला आधार देऊन उभी होती. ती बोरटोल्याच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवायची. वडील परसराम त्रेसष्ट वर्षांचे, कोहळी. ज्यांच्या पूर्वजांनी मुलूखभर तलाव बांधून ठेवले त्यांच्यातले. गावच्या तलावाचं पाणी कुठल्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, कधी सोडायचं, हे अजूनही त्यांना विचारून ठरायचं. अकरा वर्षं मधुमेह, त्यातली चार इन्सुलिनवर. धान कापताना उजव्या पायाच्या अंगठ्यात धसकट घुसलं आणि ती जखम मिटेना. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "साखर आटोक्यात ठेवा, पंधरा दिवसांत भरेल. नाही ठेवली तर आधी अंगठा जाईल, मग पाऊल, मग वरचं." डॉक्टर कमी बोलायचे, पण क्रम बरोबर सांगायचे.

पंधरातले पाच दिवस गेले होते, आणि आई सुशीलाबाईने तडजोड काढली होती. "आज महाराज, सोमवारी दवाखाना. एका थेंबानं कोनाचं का जाते?"

थेंबाचा विधी सोपा होता.

"साखर मंजे का?" महाराज माइकवर विचारत. आवाज तुपात परतलेला. "साखर मंजे मोह. मोह मीठा होता है, होय का नाही? आता डॉक्टर लोक सुई टोचते. अरे भाई, सुईनं कपडा शिवते, मोह नाही निघत. तुमी मले एक थेंब रक्त द्या, मी तुमाले एक थेंब अमृत देतो. बराबरी का सौदा."

सौदा बरोबरीचा असल्यामुळे नारळ वेगळा द्यावा लागत होता.

टेबलावर साखर मोजायची दोन यंत्रं होती, एकाच कंपनीची, जुळ्या भावांसारखी. एक स्टीलच्या ताटलीत. त्याचं नाव संसारी यंत्र. दुसरं तांब्याच्या ताम्हनात झेंडूच्या पाकळ्यांवर. ते सिद्ध यंत्र. सिद्ध यंत्राच्या काचेवर खालच्या कोपऱ्यात कुंकवाचा जाड टिळा होता. त्याचं कोणाला नवल नव्हतं. दसऱ्याला ट्रॅक्टरलाही लावतात.

यंत्रं चालवायचा गुड्डू. चाळिशीचा, पांढऱ्या सफारीतला, अत्यंत स्वच्छ नखांचा माणूस. आधी संसारी यंत्रावर बोट टोचून आकडा घ्यायचा. मग माणसाने महाराजांकडून जिभेवर थेंब घ्यायचा, डोळे मिटून अकरा वेळा नाव घ्यायचं आणि दुसरं बोट पुढे करायचं. ते सिद्ध यंत्रावर. दोन्ही आकडे गुड्डू ढाब्याच्या जुन्या फळ्यावर खडूने लिहायचा. फळ्यावर 'दाल तडका' अजून पुसट दिसत होतं. त्याच्या खाली 'आधी' आणि 'नंतर'.

"दोनशे शहात्तर," गुड्डू सांगायचा. थेंब. अकरा नामं. "पंधरा. पास."

हा 'पास' म्हणजे काय, ते पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगावं लागेल. गोंदियाच्या धानकऱ्याला नाही. धान खरेदी केंद्रावर ग्रेडर पोत्यातून मूठभर दाणे काढतो, ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो. आकडा सतराच्या आत आला तर माल पास, वर गेला तर पोती उतरवा, वाळवा, परत आणा. ज्यांनी जन्मभर या आकड्यासमोर श्वास रोखून धरला त्यांना सतराची वेस समजावून द्यावी लागली नाही. महाराजांनी ती आयती उचलली. 'सतराच्या आत शरीर पास.' रक्ताचा आणि धानाच्या ओलाव्याचा संबंध काय, ही शंका चारशे माणसांत एकालाही आली नाही. दोन्हीकडे यंत्र होतं, आकडा होता, आणि टेबलामागे खुर्चीत बसलेला माणूस होता. आपल्याकडे एवढं असलं की भागतं.

उलट इथली वागणूक बरी होती. केंद्रावर यंत्राने सतरा पूर्णांक दोन दाखवलं की ग्रेडर म्हणतो, "अठरा." इथे दशांश चिन्हाच्या पुढचं गुड्डू उच्चारतच नव्हता. सरकार वर ढकलतं आणि देव खाली ओढतो, असा लोकांचा समज झाला आणि देव लोकांना आवडला.

परसराम टेबलाशी आले. पुष्पांजलीने मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं. संसारी यंत्र: ३०१. थेंब. अकरा नामं. सिद्ध यंत्र.

"सोळा," गुड्डू म्हणाला. "पास."

टाळ्या पडल्या. परसरामांनी यंत्राकडे दोनदा वाकून पाहिलं आणि मग लेकीकडे, अशा नजरेने की पुष्पांजलीच्याही अंगावर क्षणभर काटा आला. पुढे त्या काट्याची तिला फार लाज वाटली.

पास झालेल्यांनी आपली औषधं निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये टाकायची होती. ड्रमवर लिहिलं होतं 'त्यागपात्र'. परसरामांनी ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली इन्सुलिनची बाटली त्यात सोडली. आतल्या गोळ्यांच्या ढिगावर ती पडल्याचा आवाजही झाला नाही.

"मॅडम, माहाही काढा जी व्हिडिओ. माहेरी पाठवतो." मागे शामकला होती, त्यांच्याच गल्लीतली, भोजराजची बायको. एकोणतीस वर्षांची, शाळेत असल्यापासून इन्सुलिनवर. सुई चुकवली की दोन-चार दिवसांत अंथरूण धरायची.

शामकला: ३१८. थेंबानंतर गुड्डूने यंत्राकडे पाहून किंचित वेळ घेतला. "सतरा. काठावर आहे, पण पास."

शामकला तोंडाला पदर लावून हसली. भोजराजने तिच्या दोन्ही बाटल्या ड्रममध्ये टाकल्या आणि येताना रस्त्यात पेढे घेऊन जीपभर वाटले. पुष्पांजलीच्या मोबाइलमध्ये वडील आणि शामकलाखेरीज आणखी चौघांचं चित्रीकरण झालं होतं. कोणीतरी पाहील म्हणून तिने ते ठेवलं.

रविवारी तिने घरच्या यंत्रावर वडिलांची साखर मोजली.

"बाबा, तीनशे बावन्न."

"हे संसारी यंत्र होय."

"यंत्र मंजे यंत्र, बाबा."

"मंग त्याईचंही यंत्रच होय ना. मी का भस्मावर भरोसा ठेवून राहिलो? आकडा पायलो मी. तूच पोराईले सांगतेस, आकडा खोटा बोलत नाही मनून."

"महाराजांनं सांगितलं होतं ना," सुशीलाबाई चुलीपासून म्हणाली, "घरचं यंत्र घरातला मोह दाखवते."

"घरातला कोनाचा, आई? माहा का तुहा?"

"तुहा. अर्धा पगार साड्याईत जाते तुहा."

वाद तिथे संपला. असल्या वादात पुरावा ज्याच्याकडे असतो तो हरतो आणि चूल ज्याच्याकडे असते तो जिंकतो.

सोमवारी पुष्पांजलीने दवाखान्याचं नाव काढलं तर परसराम म्हणाले, "पास झालेला माल कोनी परत वाळवाले नेते का?" मग तिने अंगठ्याची पट्टी सोडली. कडा काळी पडली होती. तांबडेपणा पावलावर चढला होता. वडिलांना दुखत नव्हतं, आणि दुखत नाही यालाच ते बरं होणं समजत होते.

मंगळवारी शामकलाला ओकाऱ्या सुरू झाल्या. भोजराजने गुड्डूला फोन लावला. गुड्डू म्हणाला, "मोह बाहर निकल रहा है, निकलने दो." बुधवारी सकाळी पुष्पांजली शाळेत निघाली तर त्यांच्या ओसरीवर बाया जमलेल्या. शामकला धावून आल्यासारखा श्वास घेत होती, आणि तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळांसारखा वास येत होता. एक म्हातारी म्हणत होती, पाहा, तोंडाला अमृताचा वास सुटला. पुष्पांजलीने रुग्णवाहिका बोलावली. रुग्णवाहिका वेळेवर आली, ड्रायव्हरने घाई केली, आणि गोंदियाच्या वाटेवर, गोरेगावच्या अलीकडे शामकला गेली.

महाराजांचा निरोप दुपारी आला. तिचं शरीर पास झालं होतं. आत्म्याचं महाराजांनी काही सांगितलं नव्हतं.

स्मशानातून माणसं परतली तेव्हा ऊन अजून होतं. पुष्पांजली मागच्या अंगणात वही घेऊन बसली. मोबाइलमध्ये फळ्याचं दृश्य होतं. रडू येत नव्हतं म्हणून तिने भागाकार सुरू केला. गणिताची माणसं अशीच असतात.

आधीचा आकडा भागिले नंतरचा. वडिलांचे ३०१ भागिले १६: अठरा पूर्णांक आठ. शामकलाचे ३१८ भागिले १७: अठरा पूर्णांक सात. मग १४२ भागिले ७: वीस पूर्णांक तीन. १९८ भागिले १०: एकोणीस पूर्णांक आठ. जवळजवळ होते, पण एक नव्हते. एक गोष्ट मात्र खटकली. सहातला एकही भागाकार अठराच्या खाली येत नव्हता.

मग तिला गुड्डूची सवय आठवली. तिने चित्रीकरण थांबवून यंत्राची काच मोठी करून पाहिली. टिळ्याच्या वर अंक स्पष्ट होते. वडिलांचे सोळा नव्हते, १६.७ होते. शामकलाचे सतरा नव्हते, १७.७. सातच्या जागी ७.९, दहाच्या जागी १०.९. तिने पुन्हा भागलं. मोबाइलचा कॅल्क्युलेटर उदार असतो. त्याने वडिलांसाठी १८.०२३९५२१ दिलं आणि शामकलासाठी १७.९६६१०१७.

वर्गात ती मुलांना रोज सांगायची, मोजणाऱ्या यंत्राला जेवढं ठाऊक तेवढेच अंक लिहा. पुढची शेपटी म्हणजे कॅल्क्युलेटरची बडबड. यातल्या ७.९ ला दोनच अंक ठाऊक होते. म्हणून तिने प्रत्येक उत्तर दोन अंकांपर्यंत आणलं आणि एकाखाली एक लिहिलं.

अठरा. अठरा. अठरा. अठरा. अठरा. अठरा.

तिने पेन खाली ठेवलं. सहा माणसं. कोणी म्हातारा, कोणी तरणी. कोणाची जखम, कोणाचं फक्त पथ्य चुकलेलं. भक्ती कमी-जास्त, नारळ लहान-मोठे. आणि गुण मात्र सगळ्यांना अगदी एकाच मापाने, अठराव्या हिश्श्यावर. औषधाचं असं होत नाही. देवाचंही होत नसावं. त्याला माणसं निरनिराळी दिसत असतील. सगळ्यांना एकाच आकड्याने भागणारी गोष्ट एकच असते, आणि ती सहावीच्या पुस्तकात असते: एकक बदलणं.

तिने घरच्या यंत्राच्या डब्यातला घडी घातलेला कागद काढला. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: आपल्याकडे साखर मिलिग्राम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, काही देशांत मिलिमोल प्रति लिटरमध्ये, तो आकडा अठराने गुणला की आपला आकडा मिळतो.

शामकलाचा १७.७ गुणिले अठरा. तीनशे एकोणीस. थेंबाआधी ३१८ होती.

परसराम खाटेवर पाय वर ठेवून पडले होते. पुष्पांजली शेजारी बसली.

"बाबा, तुमचं धान चार हजार किलो झालं समजा."

"यंदा? झालं असतं त मी पडून राहिलो असतो का."

"समजा. मी फुंकर मारली आनि धान चाळीस झालं. किती घटलं?"

"चाळीस का?"

"क्विंटल."

"मंग घटलं कोठी? तेवढंच त आहे."

"आनि मी 'क्विंटल' ह्या शब्दावर कुंकू लावून ठेवलं असतं तर?"

परसराम कोपरावर रेलून उठले. तिने वही पुढे केली. त्यांनी अठराचा रकाना बोट लावून वाचला, वरून खाली, मग खालून वर. ते चौथी शिकलेले होते, पण तलावाच्या पाण्याची वाटणी करणाऱ्या माणसाला हिश्श्यांचं गणित शिकवावं लागत नाही.

"सारख्या हिश्श्यानं कोनाचंच उतरत नाही," ते शेवटी म्हणाले. "पानीही उतरत नाही. वरच्या बांधीचं वेगळं, खालच्या बांधीचं वेगळं."

"सतराच्या आत पास मंजे आपल्या हिशोबानं तीनशे सहाच्या आत पास, बाबा. उपाशीपोटी शंभराच्या आसपास पायजे. त्या यंत्रावर साडेपाच. आनि खरोखर आपल्या मापानं साखर सतरा झाली असती ना, तर मानूस टाळ्या नाही वाजवत. बेशुद्ध पडते."

बाहेर सुशीलाबाई भांडी घासत होती. आवाज थांबला होता. ती ऐकत होती.

"आताच दवाखान्यात चला," पुष्पांजली म्हणाली.

"सुई दे. ती घेतो." परसरामांनी पायाकडे पाहिलं. "उद्या गुरुवार होय. गोंदियाचा रस्ता ढाब्यावरूनच जाते. आधी तिथं उतरू."

"बाबा, पाय जाईल तुमचा."

"ड्रममंदी अजून चारशे जन टाकतीन उद्या. तू एकटी बोलशील त बाई पागल झाली मनतीन. मी पास झालेला मानूस आहो. माहं ऐकतीन."

तिने औषधाच्या दुकानातून नवी बाटली आणून त्यांना सुई दिली, रात्रभर स्वतःशी भांडून घेतलं आणि सकाळी जीप सांगितली. जीपमध्ये भोजराज आधीच बसला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. 

परसराम लंगडत मंचाशी आले तेव्हा महाराजांना आनंद झाला. अनुभव सांगणारे भक्त त्यांना हवेच असत. माइक त्यांनी स्वतः पुढे केला.

"माहा नमुना परत काढा," परसराम म्हणाले. "पर उलटा काढा. सिद्ध यंत्र आधी, मंग थेंब, मंग संसारी."

गुड्डूने हात आवरले. "काकाजी, सिद्ध यंत्र पहले नहीं चलता. गरम होता है."

चूक तिथे झाली. साखरेबद्दल त्या गर्दीला काही कळत नव्हतं. पण टेबलामागचा माणूस दुसरा नमुना काढायला नाही म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय, हे तिथल्या प्रत्येकाला बापजाद्यांपासून ठाऊक होतं.

"काऊन नाही चालत?" रांगेतून एक जण म्हणाला. "केंद्रावर परत काढा मनलं त काढा लागते."

"ग्रेडरच्या बापालेही काढा लागते," दुसरा म्हणाला.

"काढ ना बे. का यंत्राले लग्नाले जायाचं आहे?"

महाराजांनी हात वर केला. "परीक्षा भगवान की भी होती है. काढ गुड्डू." हे त्यांनी हसून म्हटलं, पण गुड्डू हसला नाही.

सिद्ध यंत्र. थेंबाशिवाय, नामाशिवाय. काचेवर अंक आले आणि गुड्डू आयुष्यात पहिल्यांदा आकडा ओरडायचा विसरला. पुष्पांजलीने वाचला. "वीस पूर्णांक चार."

गर्दीत कुजबुज झाली. अजून अमृत जिभेवर पडलंही नव्हतं आणि साखर विशीत होती.

ती फळ्याशी गेली. 'दाल तडका'च्या खाली तिने लिहिलं: २०.४ × १८ = ३६७.२. मग '.२' पुसून टाकलं.

"आता बाबा थेंब घेतील. मग हे दुसरं यंत्र तीनशे सदुसष्ट दाखवील. दोन्ही वेळचं रक्त वेगळं, म्हणून पाच-सात इकडे नाहीतर तिकडे. नेमकं तेच येईल असं मी म्हणत नाही. नेमकं बोलायचं काम महाराजांचं."

परसरामांनी थेंब घेतला, अकरा नामं घेतली. एकही गाळलं नाही. संसारी यंत्र.

 पुढच्या बाईने मान उंचावून वाचलं. "तीनशे सत्तर."

महाराज मुरलेले होते. त्यांनी फळ्यावरच्या अठराकडे बोट केलं. "देखा? अठरा. अठरा अध्याय, अठरा पुराण. आकड्यातच भगवान प्रकट झाले. बेटी, तूने खुद सिद्ध किया."

दोन-तीन हात जोडलेही गेले. पुष्पांजलीने वही उघडली. याचं उत्तर वहीत नव्हतं. ते परसरामांकडे होतं.

"ते राहू द्या जी. थेंबाआधी वीस, थेंबानंतर तीनशे सत्तर. तुमच्या अमृतानं माही साखर चढली का?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. हसणं पुढे पसरणार तोच भोजराज मंचावर चढला. त्याने ताम्हनातलं यंत्र उचललं आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकाने काच पुसली. कुंकू जाड होतं, तीनदा पुसावं लागलं. खाली बारीक अक्षरं निघाली. त्याला ती वाचता येईनात. त्याने यंत्र पुष्पांजलीपुढे धरलं.

"मिलिमोल प्रति लिटर," तिने वाचलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: हे दुसऱ्या देशातलं माप आहे. एकाच रक्ताचे दोन आकडे. पोतं तेच, एकदा किलोत सांगितलं, एकदा क्विंटलमध्ये, आणि क्विंटल झाकून ठेवलं. वरून दशांशाच्या पुढचं खाऊन टाकलं, म्हणजे काठावरचेही आत आले.

"मॅडम," भोजराज म्हणाला, "मंजे तिचा सतरा."

"तीनशे अठरा-एकोणीस."

"जेवढी होती तेवढीच."

"तेवढीच."

"आनि मी बाटल्या ड्रममंदी टाकल्या." तो यंत्राकडे पाहत होता. "तिनं नाही टाकल्या. मी टाकल्या. पेढेही मीच वाटले."

 मग एक म्हातारा रांगेतून निघाला, ड्रमपाशी गेला आणि आत हात घालून आपल्या गोळ्या शोधू लागला. त्याच्यामागे दुसरा. थोड्या वेळाने ड्रमभोवती एवढी दाटी झाली की ड्रम आडवा झाला, आणि बाया गुडघ्यांवर बसून बाटल्या ओळखू लागल्या, कोणाची कोणती. उन्हात पडून राहिलेलं इन्सुलिन आता वापरायचं नाही, नवं घ्या, हे पुष्पांजली ओरडून सांगत होती.

पोलीस आले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. गुड्डू पूर्वी हीच यंत्रं दुकानोदुकानी विकायचा, आणि सिद्ध यंत्र त्याने परदेशातून मागवलं होतं, हे तेव्हा कळलं. महाराजांना गाडीत बसवलं तेव्हा पन्नासेक माणसांनी गाडीला हात जोडले. त्यात दोघे मघाशी ड्रममध्ये गोळ्या शोधणारे होते. माणसाचा एक हात औषधाकडे आणि दुसरा महाराजांच्या पायांकडे जाऊ शकतो. निसर्गाने हात दोन दिले ते बहुधा याचसाठी.

गोंदियाच्या डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि काळेपणा कुठवर चढला ते दाबून पाहिलं.

"आठ दिवस आधी आले असते तर?" पुष्पांजलीने विचारलं.

"तर अंगठा गेला असता."

"आता?"

"घोट्याच्या वरून."

शनिवारी परसरामांचा पाय कापला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी खाली पाहिलं, चादर सारखी केली, आणि तलावाचं पाणी कोण सोडून राहिलं ते विचारलं. 

आता साधं सांगणं. आकडा खोटा बोलत नाही हे खरं. पण आकडा एकटा काही बोलतच नाही. त्याच्यामागे माप लागतं. सोळा म्हणजे काय? सोळा बोटं, सोळा कोस, सोळा मिलिमोल? जो आकडा दाखवतो आणि माप झाकतो, त्याला विचारा: कशात मोजलं? आणि पुन्हा मोजशील का, मी सांगतो त्या क्रमाने? खरं असेल त्याला दुसऱ्यांदा मोजायला त्रास होत नाही. डॉक्टरला विचारा, ग्रेडरला विचारा, मास्तरीणबाईंना विचारा, महाराजांना तर आधी विचारा. श्रद्धा असेल तर असू द्या, पण सुई चुकवू नका. शामकला एकोणतीस वर्षांची होती, आणि तिला मारायला विष लागलं नाही. एका एककावर बोटभर कुंकू पुरलं.

वॉर्डात रोज सकाळी नर्स यायची, परसरामांचं बोट टोचायची आणि कागदावर लिहून पुढच्या खाटेकडे जायची. चौथ्या दिवशी सुशीलाबाईने तिचा हात धरला. शस्त्रक्रियेपासून ती कोणाशी फारसं बोलली नव्हती. लेकीशी तर नाहीच.

"किती आली, बाई?"

"एकशे अठ्ठेचाळीस. चांगली आहे आता."

"कशात?"

"अं?"

"एकशे अठ्ठेचाळीस का? खाली बारीक लिवलं राहते, ते वाचून दाखव."

"आजी, मला अजून बावीस खाटा आहेत."

"राग नको मानू माय," सुशीलाबाई म्हणाली. तिने हात सोडला नव्हता. "मले वाचता येत नाही. आनि त्याईले तिथं मीच धाडलो होतो."

नर्सने यंत्र तिच्या डोळ्यांसमोर धरलं आणि अक्षर-अक्षर बोट ठेवून वाचून दाखवलं.